पांझरेचे फड व राष्ट्रीय जलनियोजन

खानदेशच्या इतिहासाचीं साधनें धुंडाळतांना आमची दृष्टि सनदा, महजर व वंशावळी यांवर जितकी जाते, तितकी पाण्याच्या कागदांवर जात नाहीं. वस्तुतः पाण्याच्या वांटणीचा इतिहास हा राज्यव्यवहाराचाच इतिहास होय. कौटिलीय अर्थशास्त्रांत सेतु व उदकभाग यांचा विचार केलेला आहे, हें वाचकांस विदित आहेच.

पांझरेवर दगडी बंधारे घालून पाटानें पाणी देण्याची जी फडपद्धति या प्रांतीं चालत आली, ती तीन-चारशें वर्षांची मानिली जाते. एका बंधाऱ्याखालील जमिनीचे बहुधा तीन अथवा चार फड पाडीत. एका फडांत एका वर्षीं एकच पीक, व पुढील वर्षीं पालट. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें, पिकाची राखण जागल्याची, देखरेख हवालदाराची. तथापि या पद्धतीचें खरें मर्म निराळेंच आहे. खातेदाराची जमीन बहुधा सर्व फडांत विभागलेली असे. नदीस पाणी कमी आलें म्हणजे एखादा फड कोरडा ठेवीत. ती तूट कोणा एकाच्या माथीं न बसतां सर्वांच्या वांट्यास येई.

देशभरच्या पाण्याची एकत्र योजना करण्याचे सरकारी यत्न याच कसोटीवर घासून पाहावे, असें आम्हांस वाटतें. १९४५ सालीं, डॉ. आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखात्याचे सभासद असतां, जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठीं मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. १९५० च्या राज्यघटनेनें पाणी हा विषय राज्यांकडे सोंपविला; आंतरराज्य नद्यांचें नियमन मात्र संसदेच्या कक्षेंत ठेविलें. १९५६ सालीं नदीमंडळांचा कायदा झाला. परंतु त्याखालीं एकहि मंडळ स्थापन झालें नाहीं. १९८३ सालीं पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय जलसंपत्ति परिषद नेमण्यांत आली, व १९८७ सालीं तिनें पहिलें राष्ट्रीय जलधोरण स्वीकारिलें. तें २००२ व २०१२ सालीं नव्यानें मांडलें गेलें. नदीचें खोरें हाच योजनेचा घटक धरावा, हा या धोरणांचा आग्रह.

तत्त्व निर्दोष आहे, अडतें कोठें? पांझरा ज्या तापीस मिळते, तिचें खोरें सुमारें ६५,००० चौरस किलोमीटरांचें असून मध्यप्रदेश, महाराष्ट्र व गुजराथ या तीन राज्यांत पसरलें आहे. फडांतील खातेदाराचा वांटा सर्वत्र असे. राज्यांपैकीं कोणी वर, तर कोणी खालीं. वरच्यास खालच्याची तूट भोगावी लागत नाहीं. मग परिषदेचा ठराव पाळण्यांत त्यास आपलें हित कसें दिसावें? फडाचा नियम राष्ट्रास जसाच्या तसा लागू पडेल, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तूट समाईक केल्यावांचून योजना समाईक होत नाहीं, एवढें त्यांतून निष्पन्न होतें.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविलीं व १९२६ सालीं याच धुळ्यांत देह ठेविला. त्यांच्या मार्गानें जाणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति कीं, बंधाऱ्याच्या दुरुस्तीची वर्गणी, फडांची वांटणी व पाटकऱ्याचा मेहनताना यांचे कागद आढळल्यास ते रद्दी समजूं नयेत. अवर्षणांत कोणता फड कोरडा राहिला व तें कोणीं ठरविलें, हें ज्या चिटोऱ्यावर लिहिलें असेल, तो चिटोरा सनदेइतकाच मोलाचा होय.