खोलीचे भाडे आणि सोबतीचे मोल

मराठी चरित्रवाङ्मयात परदेशगमनाचा अध्याय बहुधा बोटीवर सुरू होतो आणि पदवीदानाच्या सभागृहात संपतो. समुद्रोल्लंघनाचा वाद, धक्क्यावरचा निरोप, आगबोटीवरील अन्नाची अडचण यांची वर्णने आपण पाठ्यपुस्तकांतूनही वाचलेली असतात. परंतु चरित्रनायक त्या महागड्या शहरात राहिला कोठे, ती जागा त्याने का निवडली, भाडे भरून जेवणापुरते त्याच्याजवळ काय उरले, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते, हा तपशील दुय्यम नाही. खोलीची निवड ही पुष्कळदा त्या माणसाच्या पुढील आयुष्याचीही निवड ठरलेली आहे.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकण या बाजूंच्या एसटी गाड्या स्वारगेटला येतात. तेथे ट्रंक किंवा पिशवी घेऊन उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी प्रथम हाच हिशेब केला: कॉलेजाजवळची महाग खोली, की दूरची स्वस्त ‘कॉट बेसिस’? मेस, की गावाकडून येणारा डबा? त्याही आधीच्या काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सात वारांना सात घरे मिळाली की शिक्षण निभावून जाई. अशाच विद्यार्थ्यांच्या गरजेतून १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. तात्पर्य, परक्या शहरात टिकण्यासाठी छपराइतकीच ओळखीची घरेही लागतात, हे पुण्याला ठाऊक होते. आज याच स्वारगेटवरून दादर-बोरिवलीची बस धरून विमानतळ गाठणारा विद्यार्थी ज्या शहरी जातो, तेथे मात्र वार लावायला घरे नसतात. ती सोय कशाने भरून काढायची, हा परदेशातील निवाऱ्याचा मूळ प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरे इतिहासात स्पष्ट दिसतात.

पहिले उत्तर आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली त्या अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा त्यांचा पहिला आसरा न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांचे घर हा होता. हे घर पत्रव्यवहारातून जोडलेले. ‘मावशी’ हे नातेही त्यातूनच आले. तेथे आनंदीबाईंना घरपण मिळाले. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना मात्र वाट्याला आलेल्या खोलीची शेगडी नीट नव्हती. पेटवली तर खोलीत धूर, न पेटवली तर थंडी, अशी ती अवस्था. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. या मृत्यूचा दोष एका शेगडीवर टाकणे हा इतिहास नव्हे. पण शिकायला गेलेल्या मुलीच्या खोलीत ऊब आहे की नाही, हा प्रश्न ज्ञानाच्या प्रश्नापेक्षा धाकटा मानणे हेही इतिहासाचे अज्ञानच होय.

दुसरे उत्तर लंडनच्या हायगेट भागातील ‘इंडिया हाऊस’चे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू येथे हे वसतिगृह उघडले. पंचवीसेक भारतीय विद्यार्थ्यांची तेथे सोय होई. गोऱ्या घरमालकिणी भारतीयांना खोली नाकारीत, अशा शहरात ही जागा म्हणजे मोठाच दिलासा होता. १९०६ साली ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आलेले विनायक दामोदर सावरकर येथेच राहिले. पांडुरंग महादेव बापटही या घराच्या वर्तुळात आले. हायगेट मध्य लंडनपासून दूर; पण एका छताखाली आपले लोक, आपले जेवण आणि रात्री उशिरापर्यंतची चर्चा मिळत असेल, तर ते अंतर कोण मोजणार? मात्र या सोबतीलाही किंमत होती. स्कॉटलंड यार्डची नजर त्या घरावर सदैव असे, आणि १९०९ साली कर्झन वायलीच्या वधानंतर ते घर मिटलेच. आपल्या माणसांत राहणे म्हणजे त्यांच्या भवितव्यातही वाटेकरी होणे, हे तेथील रहिवाशांना कळून चुकले.

तिसरे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, आणि आम्हास ते सर्वांत बोलके वाटते. १९१३ साली बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. कोलंबियाच्या हार्टले हॉलमधील जेवण मानवेना, म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि अखेर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे त्यांच्यासोबत नवल भथेना हे पारशी मित्र होते. ही सोबत आयुष्यभर टिकली. १९२० साली लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील नोकरीची शिल्लक आणि शाहू महाराजांचे साह्य यांच्या जोडीला भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. वसतिगृहातील शेजार सात वर्षांनी असा कामी आला.

या दोन प्रवासांच्या मध्ये १९१७ सालचे बडोदे आहे. विद्याविभूषित होऊन संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या या माणसाला तेथे राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात जात लपवून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. न्यूयॉर्कला एक पारशी मित्र सोबती झाला. बडोद्याला पारशांच्याच वास्तूतून हाकालपट्टी झाली. परक्या शहरात पैशाअभावी दार बंद होते. मायदेशी खिशात पगार असूनही जातीमुळे ते बंद झाले. महागाईचा विचार करताना ही तुलना विसरता येत नाही.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनच्या प्रिमरोज हिल परिसरात, १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. तुटपुंज्या न्याहारीवर दिवसभर ग्रंथालयात बसायचे आणि रात्री पुन्हा वाचन करायचे, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. पुढे स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने निवासी जागा कमी होते या कारणास्तव परवानगी नाकारली. २०२० साली ब्रिटिश सरकारने ती दिली. ज्या शहरात एकेकाळी पोटाला चिमटा घेऊन राहावे लागले, त्याच शहरात त्या वास्तव्याची स्मृती जपण्यासाठीही घरटंचाईशी झगडावे लागावे, यात इतिहासाचा एक विलक्षण न्याय दिसतो.

आज लंडनला जाणारा मराठी विद्यार्थी वेंब्ली-हॅरोचे भाडे, मध्य लंडनचे भाडे आणि प्रवासखर्च यांचे कोष्टक मांडतो. १९३२ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आता डॉलिस हिलला आहे, हेही त्याच्या हिशेबात कधीकधी येते. हे कोष्टक आवश्यकच आहे. पण त्यात एक रकाना राहून जातो. कार्पेंटर मावशींचे घर, इंडिया हाऊसचा जिना आणि लिव्हिंगस्टन हॉलमधील शेजार यांची किंमत भाड्याच्या पावतीवर नव्हती. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही चरित्रे पुन्हा वाचताना बोट सुटल्यानंतर पदवी मिळेपर्यंतची पाने जरा सावकाश उलटावीत. भिंतीपलीकडे कोण राहत होते, एवढे जरी त्यांत शोधले, तरी चरित्रनायकाच्या पुढील वाटचालीचे पुष्कळ कारण तेथे सापडेल.