ट्रान्सकंडक्टन्स विवर्धक : नाव आणि कार्य

उपकरणास मिळालेले नाव पुष्कळदा त्याच्या मूल्यमापनाची दिशाही ठरविते. ‘ऑपरेशनल ट्रान्सकंडक्टन्स विवर्धक’ या मंडलाचा इतिहास याचे उत्तम उदाहरण होय.

यातील ‘ऑपरेशनल’ हे पद १९४७ मध्ये रॅगॅझिनी, रँडॉल व रसेल यांच्या निबंधामुळे रूढ झाले. बेरीज, समाकलन इत्यादी गणिती क्रिया विद्युत् दाबांवर करणारा तो ऑपरेशनल विवर्धक. पुढे आरसीए कंपनीने सीए ३०८० हे मंडल बाजारात आणले, तेव्हा हेच विशेषण त्यासही लाभले. १९६९ मध्ये व्हीटली व विटलिंगर यांच्या निबंधाच्या शीर्षकातच, नव्या मंडलाने जुना विवर्धक कालबाह्य केला, असा दावा होता.

हा दावा खरा ठरला नाही. नवे मंडल आदानातील दाबाच्या फरकाचे रूपांतर प्रवाहात करते. प्रदानाचा रोध मोठा असल्याने जोडलेल्या भारानुसार मिळणारा दाब बदलतो. शिवाय आदानाचा फरक काही मिलिव्होल्टांपलीकडे गेला की विकृती वाढते. जुन्या विवर्धकाच्या कसोटीवर हे दोषच होत.

परंतु त्याचे खरे सामर्थ्य निराळ्याच गुणात होते. दाबाच्या प्रमाणात किती प्रवाह मिळावा, हे एका स्वतंत्र अग्रास दिलेल्या नियंत्रक प्रवाहाने ठरते. सामान्य तापमानास १ मिलिॲम्पिअर नियंत्रक प्रवाहाला ट्रान्सकंडक्टन्स सुमारे १९ मिलिसीमेन्स असतो. नियंत्रक प्रवाह दसपट केल्यास तोही दसपट होतो. त्यास धारित्र जोडले की छानकाची सीमा-वारंवारता हाताने रोधक न बदलता विद्युत् संकेताने हलविता येते. स्वर क्षणोक्षणी बदलू पाहणाऱ्या संगीत-सिंथेसायझरांना नेमके हेच हवे होते. १९७४ च्या ओबरहाइम सिंथेसायझरच्या छानकात सीए ३०८० आढळतो, तो याच कारणाने. नॅशनल सेमिकंडक्टरच्या एलएम १३७०० मध्ये विकृती कमी करण्यासाठी आदानास डायोडही जोडले गेले.

१९८५ मध्ये गायगर व सांचेझ-सिनेन्सिओ यांनी अशा छानकांची पद्धतशीर मांडणी केली. एकात्म मंडलांत अचूक रोधक घडविणे कठीण असल्याने ट्रान्सकंडक्टन्स व धारित्र यांची जोडी तेथे विशेष उपयोगी पडली.

तात्पर्य, हा विवर्धक पूर्वजाची जागा घेण्यात अयशस्वी झाला, आणि पूर्वजास न साधणाऱ्या कार्यात यशस्वी. केवळ नावावरून त्याचा इतिहास लिहिणाऱ्यास पहिला अर्धाच भाग दिसेल.