कब्बन पार्क: एका बागेची कोर्टकचेरी

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात किल्ला नाही, लढाई नाही, आणि राजा आहे तोही नावापुरता. आज गोष्ट एका बागेची. बंगळूरूच्या ऐन मध्यात असलेल्या कब्बन पार्कची.

मी नोकरीनिमित्त बंगळूरूत राहतो. इथे नवीन आलेल्या माणसाला दोन गोष्टी लगेच सांगितल्या जातात. एक, ट्रॅफिकबद्दल तक्रार करू नकोस, उपयोग नाही. दोन, कब्बन पार्क बघून ये, ती बाग कोर्टाने वाचवलीय. ही दुसरी गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की ती तपासून बघावीशी वाटली. कोर्टाने नक्की काय वाचवलं? कोणापासून? आणि काय आहे जे कोर्टालाही वाचवता आलं नाही? आजचा भाग या तीन प्रश्नांवर.

आधी थोडं मागे जाऊ.

१८३१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार वोडेयर राजांकडून काढून घेतला आणि तिथे आपले कमिशनर बसवले. त्यातला सगळ्यात जास्त काळ टिकलेला म्हणजे मार्क कब्बन, १८३४ ते १८६१. त्याच्या काळात राजधानीचं कामकाज बंगळूरूतून चालायचं. कचेऱ्या वाढल्या, जागा पुरेना, म्हणून १८६०च्या दशकात एक लांबलचक लाल इमारत बांधली गेली. तिचं नाव अट्टार कचेरी. म्हणजे काय, तर अठरा खात्यांच्या कचेऱ्या एका छपराखाली. गंमत बघा, कन्नडमध्ये अठराला ‘हदिनेंटु’ म्हणतात. पण या इमारतीचं नाव दख्खनी-हिंदुस्तानी वळणाचं राहिलं आणि मराठी माणसाला ते न सांगता कळतं. आपल्याकडेही ‘अठरा कारखाने, बारा महाल’ होतेच की.

या कचेरीच्या समोरची आणि आजूबाजूची मोकळी जमीन म्हणजे आपली बाग. १८७० मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनियर रिचर्ड सँकी यांनी ती आखली. सुरुवातीला साधारण १०० एकर. तेव्हाचे हंगामी कमिशनर जॉन मीड यांच्यावरून नाव पडलं मीड्स पार्क. पुढे ते कब्बन पार्क झालं. १९२७ मध्ये महाराजा कृष्णराज वोडेयर चौथे यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवात अधिकृत नाव ठेवलं श्री चामराजेंद्र पार्क. सरकारी कागदावर तेच नाव आहे. रिक्षावाल्याला सांगून बघा, तो ‘कब्बन पार्का?’ असंच विचारेल.

आता आकड्यांकडे या. १०० एकरची बाग पुढे वाढत ३०० एकरपर्यंत गेली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण आजच्या बागेचा आकार शोधलात तर कुठे ३०० एकर सापडतं, कुठे १९७. एवढा फरक कसा पडू शकतो? बाग काही खिशात घालून नेता येत नाही. पण बागेत काय काय उभं आहे याची यादी केली की थोडा अंदाज येतो. सरकारी संग्रहालय, वेंकटप्पा आर्ट गॅलरी, शेषाद्री अय्यर यांच्या नावाची सेंट्रल लायब्ररी, बाल भवन, मत्स्यालय, टेनिस स्टेडियम, प्रेस क्लब, सेक्रेटरिएट क्लब आणि १९१७ मध्ये विश्वेश्वरय्यांनी काढलेला सेंच्युरी क्लब. या सगळ्या जागा बागेत मोजायच्या की नाही? तुम्ही काय मोजता त्यावर बागेचा आकार ठरतो.

आणि यातली एकही इमारत रात्रीत झोपडी टाकावी तशी उभी राहिलेली नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येकीमागे चांगलं कारण होतं. मुलांसाठी, वाचकांसाठी, खेळाडूंसाठी, पत्रकारांसाठी. अतिक्रमण म्हटलं की आपल्याला टपरी आठवते. कब्बन पार्कचं अतिक्रमण रीतसर अर्ज करून, मंजुरी घेऊन आणि उद्घाटनाची फीत कापून आलं.

म्हणूनच १९७५चा कायदा महत्त्वाचा. कर्नाटक सरकारी उद्यान संरक्षण कायदा. कब्बन पार्क आणि लालबाग या दोन बागा त्याच्या छत्राखाली येतात. कायद्याचा गाभा सरळ आहे: या बागांची जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, बक्षीस द्यायची नाही, गहाण टाकायची नाही, आणि बाग राखणं ही सरकारची जबाबदारी. आमच्या कामात फायरवॉल लावताना दोन पद्धती असतात. एक, सगळं उघडं ठेवा आणि नको ते बंद करा. दुसरी, सगळं बंद ठेवा आणि लागेल तेवढंच उघडा. १९७५च्या आधी बाग पहिल्या पद्धतीने चालायची. कायद्याने ती दुसऱ्या पद्धतीवर आणली. पण फायरवॉल कितीही कडक असू दे, सेटिंग बदलण्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हा प्रश्न उरतोच. इथे तो सरकारकडेच होता. बागेची हद्द अधिसूचनेने ठरते आणि अधिसूचना सरकार काढतं.

आता थोडं बागेबाहेर जाऊ, कारण पुढची गोष्ट कळायला एक वेगळा खटला माहीत हवा. तोही बंगळूरूचाच आहे.

राजमहल विलास एक्स्टेन्शन नावाची वस्ती. तिच्या आराखड्यात एक भूखंड सार्वजनिक बागेसाठी राखून ठेवलेला. १९७६ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून तो एका खाजगी ट्रस्टला नर्सिंग होमसाठी द्यायचं ठरलं. रहिवासी कोर्टात गेले. एकल न्यायाधीशांसमोर हरले, खंडपीठासमोर जिंकले. मग ट्रस्ट सुप्रीम कोर्टात गेला. निकाल आला १९९१ मध्ये. हिशेब करा, पंधरा वर्षं. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा, या नावाने हा खटला ओळखला जातो.

ट्रस्टचे दोन मुद्दे होते. पहिला, हॉस्पिटल हीसुद्धा लोकांची सोयच आहे, मग बागेच्या जागी झालं तर काय बिघडलं? दुसरा, या रहिवाशांचा संबंध काय? जमीन त्यांची थोडीच आहे? न्यायमूर्ती थॉमेन आणि न्यायमूर्ती सहाय यांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. बाग काढून खाजगी नर्सिंग होम देणं म्हणजे एका सोयीच्या बदली दुसरी सोय नव्हे. आणि ज्यांच्या श्वासाशी, ज्यांच्या मुलांच्या खेळण्याशी त्या जागेचा संबंध आहे, त्यांना दाद मागण्याचा पूर्ण हक्क आहे. न्यायमूर्ती सहाय यांनी तर इतिहासच मांडला: एकेकाळी बाग ही राजेरजवाड्यांची आणि श्रीमंतांची चैन होती. सामान्य माणसाला किंमत आली तशी सार्वजनिक बाग जन्माला आली.

या निकालाने काय बदललं? बागेत रोज फिरायला येणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘कोणीतरी’ झाला. तोपर्यंत तो निव्वळ बघ्या होता.

आता परत कब्बन पार्कमध्ये येऊ. १९९८. सरकारने अधिसूचना काढून बागेचा काही भाग संरक्षित हद्दीतून वगळला. आमदारांच्या निवासासाठी जागा हवी होती. म्हणजे पासवर्ड वापरला गेला. शहर खवळलं. लोक बागेत जमू लागले. चित्रकार, रंगकर्मी, विद्यार्थी, सकाळी चालायला येणारे आजी-आजोबा, सगळे. आणि एकीकडे कोर्टात याचिका. मुद्दप्पा खटल्यामुळे ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न आता कोणी विचारू शकत नव्हतं. २००१ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने सरकारचे हात बांधले गेले. बागेत नवं काही बांधायचं तर आधी कोर्टाची परवानगी. पासवर्ड आता एकट्या सरकारकडे राहिला नाही.

पण हे कोर्ट बसतं कुठे? कर्नाटक हायकोर्ट बसतं अट्टार कचेरीत. त्याच लाल इमारतीत, बागेच्या काठावर. १९८०च्या दशकात ही इमारतच पाडायचं घाटत होतं. तेव्हाही विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि इमारत टिकली. म्हणजे बागेचा पहारेकरी बागेचा शेजारीही आहे. आणि शेजाऱ्यालाही जागा कमी पडते. वकील वाढले, खटले वाढले, गाड्या वाढल्या. २०१९ मध्ये बागेतली निवडणूक आयोगाची जुनी इमारत पाडून तिथे सात मजली इमारत बांधायचा प्रस्ताव आला, तीही हायकोर्टाच्याच कामासाठी. रोज चालायला येणाऱ्यांची संघटना पुन्हा उभी राहिली, बागेत पुन्हा फलक लागले.

मला या घटनेत कोर्टाची थट्टा करायची नाही. जागेची अडचण खरी आहे. पण यातून एक गोष्ट कळते: बागेच्या जमिनीवर डोळा असणारा माणूस दुष्टच असतो असं नाही. बहुतेक वेळा तो गरजू असतो आणि त्याचं कारण पटण्यासारखं असतं. म्हणून तर ‘नाही’ म्हणणारा नियम लिहून ठेवावा लागतो. कारण समोर आलेलं प्रत्येक चांगलं कारण एकेकटं तपासलं तर आपण दर वेळी ‘हो’ म्हणू, आणि शेवटी बाग संपलेली असेल.

आता तिसरा प्रश्न. कोर्टाला काय वाचवता आलं नाही?

ट्रॅफिक.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला हडसन सर्कल, दुसऱ्या बाजूला कस्तुरबा रोड, तिसरीकडे विधानसौध. यांच्या मधोमध बाग. घोडागाड्यांच्या काळात आखलेले बागेतले रस्ते शहरासाठी शॉर्टकट झाले. चालणारा माणूस बागेत येतो तो थांबायला, गाडीवाला येतो तो बाहेर पडायला. आणि कायद्याची अडचण इथेच आहे. इमारत उभी राहिली की तिला सर्व्हे नंबर असतो, मंजुरीचा कागद असतो, तारीख असते. वकिलाला हातात धरायला काहीतरी मिळतं. गाडी मात्र बागेची एक इंचही जमीन घेत नाही. आली आणि गेली. मागे राहतो आवाज, धूर, आणि रस्ता ओलांडताना नातवाचा हात घट्ट धरलेली आजी. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही असं सांगणारा कायदा यावर काही बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाखाली वाहनं रोखता येतात, पण तो अधिकार प्रशासनाचा. आज दिला, उद्या काढला.

झालंही तसंच. २०१५ पासून रविवारी बागेत गाड्या बंद झाल्या. मुलं सायकली घेऊन आली, लोक रस्त्याच्या मधोमध चटई टाकून बसले. पुढे दुसरा आणि चौथा शनिवार, सरकारी सुट्ट्या यांची भर पडली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर फाटकं महिनोन्‌महिने बंद होती. तेव्हा मागणी जोरात होती की ही बंदी कायमचीच करा, शहर गाड्यांशिवाय चालतंय हे दिसलंय ना! नाही झालं. काही महिन्यांनी गाड्या परत आल्या. १९९८ मध्ये जमीन काढली तेव्हा आव्हान द्यायला एक अधिसूचना होती. इथे कशाला आव्हान द्यायचं? गाड्या तर आधीपासूनच होत्या.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. कोर्टाने कब्बन पार्कची जमीन राखली, हे खरं. त्याशिवाय आज आपण ज्याबद्दल बोलतोय ती बागच उरली नसती. पण जमीन राखणं म्हणजे बाग राखणं नव्हे. जमीन कागदावर राहते. बाग ही शांतता, सावली आणि निर्धास्तपणे चालता येणं यांची बनलेली असते, आणि त्यासाठी अजून तरी आपल्याकडे १९७५ सारखा ठाम नियम नाही. जोपर्यंत रविवारची फाटकं ही प्रशासनाची मेहेरबानी आहे, तोपर्यंत ती सोमवारी उघडणारच.

शेवटी महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. तुमच्या शहराच्या डीपीमध्ये, म्हणजे विकास आराखड्यात, तुमच्या वॉर्डात बागेचं आरक्षण कुठे आहे ते एकदा बघा. आपल्या नगररचना कायद्याचं कलम १२७ असं आहे की दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षणच रद्द होतं. तिथे सात मजली इमारत उभी राहील तेव्हा अतिक्रमण म्हणून ओरडताही येणार नाही, कारण ते अतिक्रमण नसेलच. मुद्दप्पा खटला लढणाऱ्यांना पंधरा वर्षं लागली, पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती: नकाशावर ‘बाग’ असं लिहिलेला तुकडा. तो नकाशा त्यांनी वेळेत उघडून पाहिला होता.

तुमच्या गावातल्या अशा एखाद्या बागेची, मैदानाची किंवा तळ्याच्या काठाची गोष्ट माहीत असेल तर जरूर लिहून पाठवा. त्यावर पुढे एक भाग करू. तोपर्यंत, रविवार आहे, गाड्या बंद आहेत, चालून या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!