खरकसिंगच्या दारावरची थाप

लखनौच्या सरोजिनी नगरमधून आज बोलायचंय ते आधार आणि खासगीपणाबद्दल.

आधारचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘आपल्याकडे लपवायला आहेच काय?’ आणि ‘खासगीपण ही खात्यापित्या घरची चैन, गरिबाला रेशन हवं.’ दुसऱ्या वाक्यात अर्धं सत्य आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, आदिवासींना. ज्याच्याजवळ जन्मदाखला नाही, घराचा कागद नाही, त्याला आपली ओळख पटवता येणं ही मोठीच गोष्ट होती.

आता उरलेलं अर्धं. खासगीपणाचा गाजलेला खटला इथल्याच, उत्तर प्रदेशातल्या खरकसिंगचा. 1941 मध्ये त्याच्यावर दरोड्याचा आळ आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. तरी पोलिसांनी त्याची ‘हिस्ट्रीशीट’ उघडली. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री दारावर थाप मारून तो घरात आहे का, ते पाहायचे. तो सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर 1962 मध्ये सहा न्यायमूर्तींच्या पीठाने या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या, पण राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क नाही, असंही बहुमताने म्हटलं. न्या. सुब्बा राव आणि न्या. शाह यांचं मत वेगळं होतं. खासगीपणाशिवाय व्यक्तिस्वातंत्र्य अपुरं, असं ते मत.

2015 मध्ये आधारविरोधी याचिकांना उत्तर देताना केंद्र सरकारने खरकसिंगचाच निकाल पुढे केला. प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे गेला. त्यांत शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड हे मराठी न्यायमूर्तीही होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. ही मूठभरांची चैन आहे, हा युक्तिवादही कोर्टाने फेटाळला. पुढे 26 सप्टेंबर 2018 रोजी आधार 4 विरुद्ध 1 मतांनी वैध ठरलं. सरकारी लाभ आणि पॅनसाठी ते राहिलं, बँक खातं आणि मोबाइलसाठीची सक्ती गेली. विरोधातलं एक मत चंद्रचूड यांचं.

फौजेत एक साधा नियम असतो. ज्याला कामासाठी जेवढी माहिती लागते, तेवढीच त्याला द्यायची. बाकीची राखून ठेवली म्हणून जवानावर कुणी संशय घेत नाही. मग नागरिकावर का घ्यावा?

टेंभलीच्या माणसांना सरकारने ओळखावं असं वाटत होतं. खरकसिंगला सरकारने रात्री दार ठोठावू नये असं वाटत होतं. यात भांडण नाही. रेशनसाठी ठसा देणारा माणूस आपल्या घराची किल्ली देत नसतो. तो ठसा कुठे वापरला जातो, हे विचारण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, आणि तो त्याने वापरलाही पाहिजे.