रस्त्यावरची चूल

आमच्या वांकिडीचं सगळं या एका रस्त्यावर. आसिफाबादहून राजुरा, पुढं चंद्रपूर. 1956 पर्यंत राजुराही आमच्या तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळं गावाच्या कितीतरी सोयरिकी पलीकडच्या. रस्ता बंद म्हणजे लग्न, दवाखाना, कापसाची गाडी, सगळंच बंद.

आबा 1969 च्या वेगळ्या तेलंगण राज्यासाठीच्या आंदोलनाचं सांगायचे. कॉलेजं ओस पडली, गोळीबार झाले. आंदोलनवाले मृतांचा आकडा 369 सांगतात. 1971 ला तेलंगण प्रजा समितीनं लोकसभेच्या 10 जागा जिंकल्या आणि मग चेन्ना रेड्डींनी अख्खा पक्षच काँग्रेसमध्ये नेऊन घातला. "पोट्टे मेले, पुढारी मोठे झाले," आबांचा हिशोब एवढाच.

म्हणून 2011 ला त्याच मागणीसाठी गावात वंटा-वार्पू झालं तेव्हा ते ओसरीवरून उतरले नाहीत. वंटा-वार्पू म्हणजे भर रस्त्यात चूल मांडायची, भात शिजवायचा, तिथंच पंगत. आई वांगी चिरायला गेली होती. अडकलेल्या ट्रकवाल्यांनाही वाढलं, म्हणून शिव्या कमी खाव्या लागल्या, असं ती सांगते.

पण हैदराबाद हललं ते आमच्या भातानं नव्हे. 13 सप्टेंबरला सकल जनुला सम्मे, म्हणजे सगळ्या लोकांचा संप, सुरू झाला, सिंगरेणीचे कामगार महिनाभर खाणीत उतरले नाहीत, कोळसा अडला आणि राज्यभर वीज कापावी लागली. तरी 42 दिवसांनी संप मिटला तेव्हा हातात काही नव्हतं. राज्य आलं 2 जून 2014 ला, संसदेतून. रस्त्यानं केलं ते इतकंच, की 1971 सारखा हा प्रश्न गुंडाळून कुणाला दिल्लीची वाट धरता आली नाही. माझ्या मते ते थोडं नाही.

आबांना हे पटायचं नाही. ते इंद्रवेल्लीची आठवण काढत. 20 एप्रिल 1981 ला गोंड आदिवासी तिथं रस्ता अडवायला नाही, जमिनीच्या प्रश्नावर गिरिजन रयतु कुली संघमच्या सभेला निघाले होते. पोलिसांनी गोळ्या घातल्या. "त्यायनं चूल मांडली असती, त पोलीस जेवाले बसले असते का, बाबू?"

बसले नसते. रस्ता अडवायची मुभाही माणूस पाहून मिळते. इंद्रवेल्लीच्या मृतांचा सरकारी आकडा 13 आहे, आणि इकडचे गोंड तो आजही मानत नाहीत.