डेस्कटॉपसाठी यूपीएस : खोक्यावरच्या ‘व्हीए’पलीकडे काय पाहावे?

वीजपुरवठा खंडित झाल्यावर उघडी फाइल जतन करून संगणक रीतसर बंद करण्याइतका अवधी मिळवून देणे, हे यूपीएसचे मूळ काम. लॅपटॉपमध्ये स्वतःची बॅटरी असते. डेस्कटॉपला असा आधार नसतो. म्हणूनच लेखापालाचे कार्यालय असो, नागरी सेवा केंद्र असो वा डीटीपीचे दुकान, टेबलाखाली एक काळे खोके असतेच. मात्र ते असूनही ऐन वेळी संगणक बंद पडला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा प्रसंगी दोष नेहमीच यूपीएसमध्ये किंवा संगणकात असतो असे नाही. अनेकदा दोन्ही यंत्रे धडधाकट असतात. त्यांचे एकमेकांशी जुळत नाही, एवढेच.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ६०० किंवा १००० हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे व्हीएचा असतो. संगणक प्रत्यक्षात किती शक्ती वापरतो हे वॅटमध्ये मोजले जाते आणि या दोहोंतील प्रमाणाला पॉवर फॅक्टर म्हणतात. भारतीय बाजारातील घरगुती यूपीएसमध्ये हे प्रमाण बहुधा ०.६ असते. म्हणजे ६०० व्हीएचे यूपीएस ३६० वॅटपर्यंतच भार पेलते. जुन्या, स्वस्त एसएमपीएसचा पॉवर फॅक्टरही याच आसपास असल्याने पूर्वी दोन्ही मर्यादा साधारण एकाच वेळी गाठल्या जात. आजच्या चांगल्या एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर असतो, त्यामुळे व्हीएमध्ये भरपूर जागा दिसत असतानाच वॅटची मर्यादा ओलांडली जाते. ग्राहकाने पाहायचा तो वॅटचा आकडा. तो पुष्कळदा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो.

भाराचा अंदाज करताना उलट दिशेची चूकही होते. एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिले आहे, म्हणून संगणक सतत ४५० वॅट ओढतो असे नव्हे. ती त्याची कमाल क्षमता असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला कार्यालयीन संगणक साधारण ६० ते १२० वॅटमध्ये काम करतो आणि २४ इंची एलईडी मॉनिटरला आणखी २० ते ३० वॅट लागतात. व्हिडिओ संपादनाच्या किंवा गेमिंगच्या यंत्राचा हिशेब निराळा. तिथे एकूण भार ४०० वॅटपलीकडे सहज जातो, शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा कितीतरी अधिक शक्ती ओढते. सॉकेटमध्ये बसणारा छोटा वॅटमापक लावून प्रत्यक्ष मोजणी करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. मोजलेल्या भारावर किमान एक चतुर्थांश वाढ धरावी. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडू नये. त्यातील तापक सुरू होताच छोटे यूपीएस अतिभाराने बंद पडते.

न जुळण्याचे खरे कारण पुष्कळदा तरंगाच्या आकारात दडलेले असते. घरात येणारी २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची वीज गोलाईदार लहरीसारखी चढते-उतरते. हाच साइन वेव्ह. स्वस्त यूपीएस बॅटरीवर चालताना ही लहर पायऱ्या-पायऱ्यांनी तयार करते आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये काही काळ व्होल्टेज शून्यावर राहते. साध्या एसएमपीएसला त्याचे फारसे वाटत नाही. ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ असलेला एसएमपीएस मात्र येणाऱ्या लहरीचा माग घेत प्रवाह ओढतो. पायरीदार लहर मिळाली की त्याचा ताल बिघडू शकतो. विशेषतः मुख्य विजेवरून बॅटरीवर जाताना तो एकदम मोठा प्रवाह मागतो, यूपीएस त्याला अतिभार समजते आणि संगणक बंद पडतो. वीज असताना सारे सुरळीत आणि वीज जाताच संगणक रीस्टार्ट, हे या विसंगतीचे नेहमीचे लक्षण. ‘८० प्लस’ प्रमाणित एसएमपीएस असल्यास तो ॲक्टिव्ह पीएफसीचा आहे असे धरूनच चालावे. तेव्हा शुद्ध साइन वेव्ह देणारे यूपीएस घेणे श्रेयस्कर. ते महाग असते. पायरीदार लहरीवर असे संगणक अजिबात चालत नाहीत असे नाही, पण तेव्हा वॅटमध्ये पुष्कळ अधिक जागा ठेवावी लागते.

घरात आधीच इन्व्हर्टर असताना वेगळे यूपीएस कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मिलिसेकंदांत आहे. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधील साठ्यावर पूर्ण भाराला सुमारे १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस साधारणतः दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येते. इन्व्हर्टरला त्याच्या सर्वसाधारण स्थितीत याहून बराच अधिक वेळ लागू शकतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ची कळ असते. ती लावल्यास बदल जलद होतो, मात्र व्होल्टेज थोडे घसरले तरी यंत्र बॅटरीवर जाते. जिथे व्होल्टेज सतत कमी-जास्त होते, तिथे बॅटरीची त्यात दमछाक होते. अशा ठिकाणी लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस उपयोगी पडते, कारण बॅटरीला हात न लावता ते व्होल्टेज सावरते. बदलाचा क्षणच नसलेले ऑनलाइन यूपीएस सर्व्हरसाठी योग्य. घरच्या संगणकासाठी ते बहुधा अनावश्यक, आणि त्याचा पंखा अखंड घोंघावतो.

बॅटरी किती वेळ टिकेल याबाबत अपेक्षा माफक ठेवावी. छोट्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एकच बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी असते. गुणाकार केल्यास ८४ वॅट-तास येतात. परंतु हे माप वीस तासांच्या संथ वापरासाठीचे आहे. १५० वॅटच्या भाराने ती झपाट्याने ओढली की जेमतेम निम्मी शक्ती हाती लागते आणि नवी बॅटरीही पंधरा मिनिटांच्या आसपासच साथ देते. उष्णता तिची वैरी आहे : २५ अंश सेल्सियसच्या वर दर दहा अंशांना आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. बंद कपाटात किंवा उन्हाच्या भिंतीलगत ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांतच मान टाकते, ती यामुळे. काम अर्धवट सोडून उठावे लागणाऱ्यांनी यूएसबी जोडणी असलेले मॉडेल घ्यावे. बॅटरी संपत आल्यावर संगणक आपणहून बंद होतो.

खरेदीवेळी भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह पाहावे. जोडणी झाल्यावर सर्व फाइली बंद करून चाचणी घ्यावी. मात्र प्लग उपसू नये, त्याने अर्थिंगही तुटते. भिंतीवरचे बटण बंद करावे आणि संगणकाला मुद्दाम काम देऊन पाहावे. हीच चाचणी दर काही महिन्यांनी करावी, कारण दुबळी झालेली बॅटरी दिवा हिरवा ठेवूनही दगा देते. बदललेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत घेऊन पुनर्प्रक्रियेस पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आतील शिशाला भाव असल्याने नवी घेताना जुनीचे काही पैसे वजा करून देण्याची रीतही बाजारात आहे.