भिंतीविना तुरुंग : आटपाडीच्या स्वतंत्रपुराची हकीकत

वेल्ह्याहून केळदच्या घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर पासली हे गाव लागते. तोरण्याच्या आसपासचा हा डोंगरी मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात मोडत असे. येथील एखाद्या घरचा कर्ता पुरुष शिक्षा होऊन येरवड्यास गेला, तर त्याच्या बायकोमुलांनी त्यास भेटावे कसे? आधी वेल्हे गाठावयाचे, तेथून पुणे आणि मग येरवडा. एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, आणि पदरात येते ते काही मिनिटांचे बोलणे, तेही बहुधा मध्ये जाळी किंवा काच असताना. तुरुंगाच्या भाषेत ह्या भेटीस 'मुलाखत' म्हणतात. वर्तमानपत्रांत थोरामोठ्यांच्या मुलाखती छापून येतात त्या निराळ्या; ही मुलाखत कोठेच छापली जात नाही.

सणाच्या स्मरणिकेत तुरुंगाची हकीकत कशास, असे कोणी विचारील. बंदिवानांस भेटणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणलेले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सातही कृत्ये आपण तोंडपाठ केलेली असतात. भुकेल्यास अन्न द्यावयास, आजाऱ्याच्या उशाशी बसावयास, मृतास मूठमाती द्यावयास आपण सहसा चुकत नाही. बंदिवानाची भेट मात्र बहुतेकांच्या बाबतीत पाठांतरातच राहून जाते. म्हणून आपल्याच महाराष्ट्रात घडलेला एक प्रसंग येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

भोरचे पंतसचिव आणि औंधचे पंतप्रतिनिधी हे दोघेही सातारच्या छत्रपतींचे जुने मानकरी, आणि त्यांची संस्थाने एकाच मालिकेतील. औंध हे तर अगदी लहान, सुमारे ७२ गावांचे. आणि तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. आटपाडी हा त्यांतला एक तुकडा. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. माणदेशातील हा भाग दुष्काळासाठीच प्रसिद्ध. पाऊस येईल त्या वर्षी येईल, न येईल त्या वर्षी माणसे आणि मेंढरे दोन्ही घाटाखाली जगावयास जात.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुष्कळांस सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून ठाऊक असतात. ते चित्रकार होते, कीर्तनकारही होते. परंतु १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली, ही गोष्ट आमच्या मते त्यांच्या सर्व छंदांहून थोर होय. ह्या कामी त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन हे दोघे त्यांच्या पाठीशी होते. फ्रिडमन हे पोलंडमधील वॉर्सा शहरचे, ज्यू कुळात जन्मलेले विद्युत अभियंते. म्हैसूर संस्थानात सरकारी कारखान्याची नोकरी करीत असता त्यांस भारताचा लळा लागला. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि स्वामी भारतानंद हे नाव घेतले. यंत्रे सुधारण्यात हयात गेलेला हा मनुष्य. माणसेही बिघडलेली असली तरी टाकाऊ नसतात, असे त्यांस वाटले असावे.

राजेसाहेबांकडून परवानगी मिळवून १९३९ च्या सुमारास फ्रिडमन यांनी आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत वसविली. तिचे नाव स्वतंत्रपूर. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणारी माणसे तेथे आणली गेली. वसाहतीस तट नव्हता, पायांत बेडी नव्हती. जमीन होती, ती कसावयाची होती, आणि ओसाड माळावर पीक उभे करावयाचे होते. पळून जावयाचे म्हटले तर चारी दिशा मोकळ्या होत्या. हा काळ ध्यानात घ्यावा. ब्रिटिश अमदानीतील तुरुंग-समितीने १९१९-२० सालीच कैद्याची सुधारणा हा शिक्षेचा हेतू म्हणून मान्य केला होता खरा. तथापि प्रत्यक्षात तुरुंग म्हणजे कोठडी, जाते आणि खडी हेच समीकरण लोकांच्या मनात घट्ट होते. स्वतंत्र भारतात खुल्या तुरुंगांची चर्चा होते तेव्हा उत्तर प्रदेशातील १९५२ च्या संपूर्णानंद शिबिराचा उल्लेख हटकून येतो. आटपाडीचा प्रयोग त्याच्या आधीचा, सुमारे तेरा वर्षांचा.

ही हकीकत जगापुढे गेली ती चित्रपटामुळे. माडगुळ्याचे कवी ग. दि. माडगूळकर ह्याच आटपाडी भागातले. त्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढिला. पुढल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपटात सहा खुनी कैदी एका जेलरच्या नजरेच्या धाकाने आणि प्रेमाने बांधले जातात. चित्रपट उत्तम आहे, ह्यात शंका नाही. परंतु नजर हे काही तुरुंगखात्याचे साधन होऊ शकत नाही. एक जेलर बदलून दुसरा आला की नजरही बदलते. टिकाऊ असे जे काही स्वतंत्रपुरात आहे ते दुसरेच आहे, आणि चित्रपटाने त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

ते म्हणजे घर. स्वतंत्रपूर आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे खुली वसाहत म्हणून चालते. जागा थोडी, अवघ्या २८ बंद्यांची. येथे बंदी आपल्या बायकोमुलांसह राहू शकतो, शेतावर राबतो आणि हजेरी देतो. मुलाखतीस दुरून येण्याचे कारणच उरत नाही. भेटावयाचे ते माणूस रात्री त्याच छपराखाली जेवावयास बसलेले असते. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथे १९६३ पासून हीच रीत आहे. तेथील बंदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन पोट भरतात. तट न बांधणे हे धाडसाचे काम होते, हे खरे. परंतु नवरा, बायको आणि मूल ह्यांची ताटातूट हा शिक्षेचा भाग नव्हे, हे ओळखणे त्याहून मोठे काम होते असे आम्हांस वाटते.

इतर खुल्या कारागृहांची गोष्ट वेगळी. येरवड्यास खुले कारागृह आहे, पैठण येथेही आहे. तेथे बंदी उघड्यावर शेती करतात, पहारा नाममात्र असतो आणि शिक्षेत सूटही अधिक मिळते. पण कुटुंब गावीच असते. अशा ठिकाणी जाण्यासाठी आधी बंदिस्त कारागृहात शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तनाने भोगावा लागतो, मग समिती निवड करते. स्त्रियांचा विचार तर कितीतरी उशिरा झाला.

बाकीच्या बंद्यांस घर दिसते ते रजेच्या दिवशी. नियमांनुसार संचित रजा आणि अभिवचन रजा अशा दोन रजा आहेत. पहिलीस फर्लो आणि दुसरीस पॅरोल म्हणतात. ऐकावयास सोपे वाटते. परंतु रजेवर येणाऱ्यास घरात घेण्यास राजी असा नातलग लागतो, त्याने जामीन राहावे लागते, आणि गावी पोलिसांची चौकशी होते. ज्याचे नाव भावकीने टाकले, त्याची रजा कागदावरच राहते. म्हणजे बंद्याच्या सुधारणेचा अर्धा निकाल तुरुंगात लागत नाही. तो पासलीसारख्या गावात, पारावर, शेजाऱ्याच्या ओटीवर लागतो. तुरुंगखात्याने अलीकडे 'गळाभेट' नावाचा उपक्रम चालविला आहे. त्यात बंद्यांच्या लहान मुलांस जाळीआडून न बोलविता आत घेतात आणि बापाच्या कुशीत बसू देतात. उपक्रम स्तुत्य आहे. तो वर्षातून मोजक्याच वेळी होतो, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या ख्रिस्तसभेतही हे काम चालले आहे. १९८१ साली केरळातील दोन गुरुविद्यार्थ्यांनी ते आरंभिले, आणि 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ह्या नावाने ते देशभर पसरले. फादर, धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्वयंसेवक तुरुंगात जातात, बंद्यांशी बोलतात, सुटलेल्यास काम मिळवून देतात, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहतात. संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे ह्या सेवेचे आश्रयदाते संत. तेही फ्रिडमन यांच्याप्रमाणे पोलंडचेच. १९४१ साली आउश्वित्झच्या छळछावणीत एका अनोळखी कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी त्यांनी आपला प्राण दिला. कोल्बे यांनी ज्यास वाचविले त्याची भीती बायकोमुलांच्या आठवणीने फुटली होती, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

एक गोष्ट मात्र स्वतंत्रपुराच्या कौतुकात विसरली जाते. आपल्या देशाच्या तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोकांवरचा खटला अद्याप चालूच आहे. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. खुले कारागृह मिळते ते शिक्षा झालेल्यास. दोषी ठरलेला मनुष्य माळावर भाजी पिकवू शकतो, आणि ज्याचा दोष ठरावयाचा आहे तो गच्च भरलेल्या बराकीत तारखेची वाट पाहतो. अशांची मुलाखत घेण्यास घरून कोणी येऊ शकले नाही, तर कोर्टाच्या तारखेलाच काय ती एकमेकांची दृष्टादृष्ट व्हावयाची. वकिलाची फी, जामिनाचे पैसे, गावाकडचा निरोप, मुलाचे शाळेचे पुस्तक, अशा लहानसहान गोष्टींसाठी तुरुंगात जाणाऱ्या स्वयंसेवकाची वाट पाहिली जाते. येरवड्याचा रस्ता पुण्याच्या धर्मग्रामांना फार दूर नाही. पासलीच्या बाईला तो आहे.